मदत हवी आहे: पीएस३ साइन-इन घेत नाही, घेतलेले गेम परत उतरवायचेत (नाशिक)

गंगापूररोडवाला | रविवार, रात्री ११:५२

दोन दिवस झाले, डोकं फिरलंय. पीएस३ (सोनीचं प्लेस्टेशन ३) वर साइन-इन करायला गेलो की पासवर्ड चुकीचा म्हणतं. पासवर्ड बरोबर आहे. तोच मोबाइलवर टाकला की लगेच आत जातं. तीनदा बदलून पाहिला. नवा पासवर्ड मोबाइलवर चालतो, पीएस३ वर नाही.

त्यात मशीनमधून टिकटिक आवाज यायला लागलाय आणि परवा दोन गेमच्या जागी ‘करप्टेड डेटा’ दिसलं. त्यातला एक ‘टोकियो जंगल’. तो मला डिस्कवर कुठेच मिळाला नव्हता, २०१२ मध्ये पहिल्या पगारातून सोनीच्या ऑनलाइन स्टोअरवर घेतला होता. माणसं नाहीशी झालेलं टोकियो आणि त्यात शिकार करत फिरणारं पोमेरेनियन. मी आणि धाकट्या भावाने त्यावर रात्री काढल्यात.

मला एवढंच हवंय की पैसे मोजून घेतलेले गेम ते ऑनलाइन दुकान बंद व्हायच्या आत परत उतरवून ठेवता यावेत. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या मशीनची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला गेलं. पीएस३ चं तर २०२१ मध्येच बंद होणार होतं, लोक ओरडले म्हणून वाचलं. दर वेळी ओरडून चालेलच असं नाही.

कॉलेज रोडच्या एका दुकानात नेलं तर तो म्हणे विकून टाका, दीड हजार देतो. मला विकायचं नाहीये. नवीन मशीन घ्या असंही कृपया कोणी सांगू नका. उपाय माहीत असेल त्यानेच लिहा, घाई आहे.

सातपूरचा_फिटर | रविवार, रात्री ११:५८

मॉडेल कोणतं? हार्डडिस्क किती जीबीची? टिकटिक सतत आहे की गेम उघडताना?

गंगापूररोडवाला | सोमवार, रात्री १२:०३

काळं, बारीकवालं. हार्डडिस्क जी मुळात आली तीच. साइन-इनचं कोणी सांगेल का?

सातपूरचा_फिटर | सोमवार, रात्री १२:०७

काळी तर बहुतेक सगळीच आहेत भाऊ. मागच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर सीईसीएच आणि पुढे चार आकडी नंबर असेल. २००० ते ३००० च्या घरातला असेल तर स्लिम, ४००० च्या पुढचा असेल तर सुपर स्लिम. दोन्हींत हार्डडिस्कची जागा वेगळी, म्हणून विचारतोय.

मेनरोडकर | सोमवार, सकाळी ८:१५

म्हणून मी कायम सांगत आलोय, डिस्क घ्या. माझ्याकडे पीएस३ च्या चाळीसेक डिस्क आहेत, एकालाही साइन-इन लागत नाही. पीएस३ च्या गेमना सहसा प्रदेशाचं बंधन नाही, त्यामुळे दुबईहून आणलेली डिस्कही इथे चालते. आपला खेळून झाला की मित्राला देता येतो, विकता येतो. स्टोअरवर तुम्ही गेम घेत नाही, वापरायची परवानगी घेता. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आलाय की हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असं लिहायचं नाही. आता पीएस५ प्रो डिस्क ड्राइव्हशिवाय विकतात, ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो. आपण गप्प बसलो तर डिस्क संपवूनच थांबतील.

गंगापूररोडवाला | सोमवार, सकाळी ८:३१

मुद्दा पटतो, पण हा गेम डिस्कवर मिळालाच नाही तर काय करणार? वरती तेच लिहिलंय. मॉडेल सीईसीएच-३००४ आहे, १६० जीबी.

देवळालीकर | सोमवार, सकाळी ९:०२

३६० चं सांगतो. दुकान बंद झालं तरी आधी घेतलेले गेम उतरवता येतात. आणि ३६० चे जे गेम नव्या एक्सबॉक्सवर चालतात, ते नव्या एक्सबॉक्सच्या दुकानात अजूनही विकत मिळतात. मी माझे सगळे तसेच पुढे नेले, जुना ३६० कपाटात पडून असतो. मागच्या मशीनचे गेम पुढच्या मशीनवर चालवण्यात एक्सबॉक्सचा हात कोणी धरू शकत नाही. सोनीने पीएस३ चे गेम पीएस५ वर थेट चालतील असं काही केलंच नाही.

गंगापूररोडवाला | सोमवार, सकाळी ९:१०

माझ्याकडे एक्सबॉक्स नाही.

पीसीवाला | सोमवार, सकाळी ९:४४

सोडा ते मशीन. बरा पीसी घ्या आणि आरपीसीएस३ नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाका. पीएस३ चे पुष्कळ गेम मूळ मशीनपेक्षा चांगले चालतात. किंवा मशीनवरच हेन नावाचं कंपनीबाहेरचं सॉफ्टवेअर टाका, मग दुकान उघडं असो की बंद, फरक पडत नाही.

रातराणी | सोमवार, सकाळी १०:२०

@पीसीवाला, ज्याला स्वतःच्या खात्यात शिरता येत नाहीये त्याला हेन टाका कसं सांगता? सॉफ्टवेअर बदललेलं मशीन घेऊन ऑनलाइन गेलं की खात्यावर बंदी येऊ शकते. त्या खात्यात त्यांची दहा-बारा वर्षांची खरेदी आहे. ती घालवायची?

@गंगापूररोडवाला, एकच विचारते. तुमच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी चालू आहे का? म्हणजे मोबाइलवर साइन-इन करताना पासवर्डनंतर ओटीपी येतो का?

पीसीवाला | सोमवार, सकाळी १०:४१

बंदी कोणावर आली ते दाखवा. माझा मित्र पाच वर्षं वापरतोय. आणि कंपनीच दुकान बंद करणार असेल तर लोकांनी दुसरा रस्ता शोधायचा नाही का? व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन नावाच्या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली होती. २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. हे गेम जिवंत ठेवलेत ते एम्युलेटरवाल्यांनी.

रातराणी | सोमवार, सकाळी १०:५५

जिवंत ठेवलेत हे मान्य, आणि त्यांचे उपकारही मानते. पण त्यांनी विचारलं ते वेगळं आहे.

व्यवस्थापक | सोमवार, सकाळी ११:०५

गेमच्या फुकट प्रतींच्या लिंक इथे देऊ नयेत. एक प्रतिसाद काढला आहे.

पंचवटीकर_काका | सोमवार, सकाळी ११:३०

चर्चा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या मुलांच्या वेळी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटवाला. कॅसेट चालली नाही की खालच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि परत दाबून बसवायची. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदेच्या काठी, तसल्या कॅसेट मांडून बसलेले असत, पाहिजे तर अदलाबदलही करून देत. मुलं दिवाळीची सगळी ओवाळणी तिथे घालवत. त्या कॅसेट अजून माळ्यावर आहेत आणि चालतात.

माझा नातू दहा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी कोणतं मशीन घ्यावं? मारामारी कमी असलेले गेम हवेत.

देवळालीकर | सोमवार, सकाळी ११:४८

काका, दहा वर्षांच्या मुलाला निन्टेन्डो स्विच. भारतासाठी त्यांचं अधिकृत दुकान नाही, बाहेरून आलेलंच घ्यावं लागतं, त्यामुळे वॉरंटीचं आधी विचारून घ्या. कार्ट्रिजवरचेच गेम घ्या, नातू मोठा झाल्यावर विकता येतील.

गंगापूररोडवाला | सोमवार, दुपारी १:१२

काकांसाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज.

@रातराणी, हो, ओटीपी येतो. मागच्या वर्षी कोणीतरी बाहेरून खातं उघडायचा प्रयत्न केला होता, तेव्हा भावाने ते चालू करून दिलं. त्याचा इथे काय संबंध? मोबाइलवर तर सगळं व्यवस्थित चालतंय.

रातराणी | सोमवार, दुपारी १:२५

सगळा संबंध तिथेच आहे. पीएस३ आणि सोनीची हातात धरून खेळायची पीएसपी, व्हिटा ही मशीनं त्या पडताळणीच्या आधीची. त्यांना ओटीपीची चौकटच दाखवता येत नाही. म्हणून पडताळणी चालू असेल तर या मशीनवर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, कितीही वेळा बदललात तरी. त्यासाठी वेगळा ‘डिव्हाइस सेटअप पासवर्ड’ तयार करावा लागतो.

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर खात्यात जा, सुरक्षेच्या पानावर डिव्हाइस सेटअप पासवर्डचा पर्याय आहे. तो अक्षरांचा एक गठ्ठा देईल. तो कागदावर लिहून घ्या, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. पीएस३ वर आयडी तोच ठेवा आणि पासवर्डच्या जागी हा टाका. पासवर्ड लक्षात ठेवायच्या चौकोनात खूण करा म्हणजे परत परत करावं लागणार नाही. पडताळणी बंद करू नका, ती भावाने चांगल्यासाठीच लावली आहे.

आधी मशीनचं सॉफ्टवेअर ताजं आहे ना ते बघा. जुनं असेल तर साइन-इन होणार नाही.

सातपूरचा_फिटर | सोमवार, दुपारी १:४०

ताईंनी बरोबर सांगितलं. पण थांबा, सॉफ्टवेअर अपडेट लगेच लावू नका. टिकटिक करणाऱ्या हार्डडिस्कवर अपडेट मध्येच अडकला तर उठून बसणार नाही. आधी सेव्ह, म्हणजे खेळात कुठवर आलात त्याची नोंद, बाहेर काढा. गेम परत उतरतील, तुमचे २०१२ चे सेव्ह कुठून उतरणार? पीएस प्लस ही सोनीची वर्गणी असल्याशिवाय पीएस३ चे सेव्ह क्लाउडवर जात नाहीत.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा लागतो, दुसरं काही पीएस३ वाचत नाही. ३२ जीबीच्या आतला घ्या म्हणजे विंडोजवरच फॉरमॅट होईल. मेनूमध्ये गेमच्या रांगेत सेव्ह्ड डेटा युटिलिटी आहे. एकेक सेव्हवर जाऊन त्रिकोण दाबा, कॉपी करा. सगळे मिळून काही एमबीच भरतील.

मेनरोडकर | सोमवार, दुपारी २:०५

एकेक कशाला? सेटिंगमध्ये बॅकअप युटिलिटी आहे, एका फटक्यात सगळं बाहेरच्या डिस्कवर जातं.

सातपूरचा_फिटर | सोमवार, दुपारी २:१८

डिस्क धडधाकट असताना जातं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचायला जातं आणि खराब जागा आली की सगळंच थांबतं. तेवढ्या वाचनानेच डिस्क कायमची बसलेली मी दोनदा पाहिली आहे. जे अनमोल आणि लहान आहे ते आधी काढायचं. काही गेमच्या सेव्हला कुलूप असतं, ते कॉपी होत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र बॅकअप हाच एक मार्ग. तो सगळ्यात शेवटी करून बघा.

आणि ही हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला जोडायच्या फंदात पडू नका. त्यावरचा डेटा त्याच मशीनच्या किल्लीने बंद केलेला असतो, विंडोजला काहीच दिसणार नाही. वर फॉरमॅट करू का असं विचारेल आणि घाईत कोणीतरी हो म्हणेल.

सराफबाजार | सोमवार, दुपारी ४:३३

डिस्कचं फार कौतुक चाललंय म्हणून लिहितो. आमचं घर सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदेला पूर आला तेव्हा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीच्या वर पाणी चढताना पाहिलं आणि घरी पळालो. टीव्ही आणि मशीन वर नेलं, डिस्कचं खोकं खालच्या कपाटात राहिलं. पाणी उतरल्यावर खोकं उघडलं तर आतल्या प्लास्टिकच्या पेट्यांमध्ये गाळ. एकेक डिस्क नळाखाली धरून बोटाने मधून कडेकडे पुसत धुतली. बावीसपैकी नऊ वाचल्याच नाहीत, गाळातल्या वाळूने ओरखडे पडले होते. स्टोअरवर घेतलेले सगळे गेम मात्र त्याच आयडीवर परत उतरले.

मी डिस्कच्या विरोधात नाही. पण कपाटात आहे म्हणजे कायमचं आपलं, असं नसतं.

मेनरोडकर | सोमवार, संध्याकाळी ५:०१

वाईट वाटलं वाचून. आमच्याकडेही २०१६ च्या पुरात दुकानाच्या पायरीला पाणी लागलं होतं. पण पूर निसर्गाचा. दुकान बंद करणं हा माणसांनी बसून घेतलेला निर्णय असतो, त्यात फरक आहे.

देवळालीकर | सोमवार, संध्याकाळी ५:२०

पण पीएस३ चं दुकान बंदच झालंय ना? २०२१ ला जुलैमध्ये. मग उतरवणार कुठून?

रातराणी | सोमवार, संध्याकाळी ५:४६

नाही. मार्च २०२१ मध्ये जाहीर केलं की पीएस३ आणि पीएसपीचं २ जुलैला आणि व्हिटाचं २७ ऑगस्टला बंद. मग लोकांचा एवढा आवाज झाला की १९ एप्रिलला कंपनीने पीएस३ आणि व्हिटाचं मागे घेतलं. पीएसपीवरची खरेदी मात्र ठरल्याप्रमाणे जुलैमध्ये बंद झाली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरपासून पीएस३ वर थेट कार्ड चालत नाही. वॉलेटमध्ये आधी मोबाइलवरून किंवा गिफ्ट कार्डने पैसे भरायचे आणि मग पीएस३ वरून घ्यायचं. वेबसाइटवरून आणि मोबाइलवरून तर पीएस३ चे गेम २०२० पासूनच काढून टाकलेत. तुम्ही मोबाइलवर शोधलं असेल आणि दिसलं नसेल, म्हणून बंद झालं वाटलं.

या सगळ्याचा राग मला आहेच. दुकानाला टाळं लावलं नाही, पण दार इतकं अरुंद केलं की नवीन माणूस आत जाणारच नाही, आणि मग म्हणायला मोकळे की कोणी येतच नाही. परदेशात पीएस प्लसच्या वरच्या प्लॅनमध्ये पीएस३ चे काही गेम इंटरनेटवरून खेळता येतात. भारतात तो प्लॅन नाही, डिलक्स आहे, आणि डिलक्समध्ये ती सोय नाही. म्हणजे आपल्याकडे ज्याला हे गेम खेळायचेत त्याला हे जुनं मशीनच सांभाळावं लागतं. दीड हजारात विकू नका म्हणते ते यासाठी.

गंगापूररोडवाला | सोमवार, रात्री १०:४७

झालं! आधी सेव्ह काढले. एकेचाळीस सेव्ह होते, अडतीस कॉपी झाले, तिघांना कुलूप आहे. ‘टोकियो जंगल’चा सेव्ह निघाला. मग अपडेट विचारला, धडधडत्या छातीने लावला, झाला. मग तो डिव्हाइसचा पासवर्ड. पहिल्यांदा चुकला, कारण मी कागदावर शून्य आणि ओ सारखेच काढले होते. दुसऱ्यांदा आत. दोन दिवस याच्यासाठी वाया घालवले आणि एवढंसं कारण. ताई, मनापासून आभार.

डाउनलोड लिस्ट उघडली तर खाली खाली जातच राहिली. मी विसरलो होतो असे गेम त्यात आहेत. एक तर भावाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी घेतलेला.

आता हार्डडिस्क बदलायची. कोणती घेऊ? कुठे मिळेल?

पीसीवाला | सोमवार, रात्री ११:०२

एसएसडी टाका, आत फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क. दुसरा विचार करू नका.

सातपूरचा_फिटर | सोमवार, रात्री ११:१५

एसएसडी चालते, आवाज आणि उष्णता कमी होते हे खरं. पण पीएस३ तिचा पुरता वेग वापरू शकत नाही, पीसीइतका फरक दिसणार नाही. लॅपटॉपची अडीच इंची साटा डिस्क घ्या, साडेनऊ मिलिमीटर जाडीपर्यंतची. त्याहून जाड बसत नाही. ५०० जीबी पुष्कळ झाली. एम. जी. रोडला मिळेल, बिल घ्या आणि वापरलेली घेऊ नका.

सीईसीएच-३००४ ला मशीन उलटं केलं की पुढच्या कडेला लहान झाकण आहे. आतला निळा स्क्रू काढायचा, डिस्कची पत्र्याची चौकट बाहेर ओढायची. त्या निळ्या स्क्रूला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा, घरातला कुठलाही चालवला की त्याची खाच झिजते आणि मग ड्रिल करावा लागतो. नवी डिस्क बसवल्यावर मशीन सॉफ्टवेअर मागेल. पेन ड्राइव्हवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत पीएस३ नावाचा फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचा फोल्डर आणि त्यात कंपनीच्या साइटवरून घेतलेली अपडेटची फाइल. सेव्ह ठेवलेला पेन ड्राइव्ह यासाठी वापरू नका, दुसरा घ्या.

गेम उतरवताना त्याच्या आकाराच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा. आधी फाइल उतरते, मग तीच उलगडून बसवली जाते, तेवढा वेळ दोन्हींना जागा लागते.

पंचवटीकर_काका | मंगळवार, सकाळी ७:४०

अभिनंदन. यूपीएस घ्या असं सुचवतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते, डिस्क त्यानेच जातात. नातवासाठी स्विच बघायला आज जातो आहे.

गंगापूररोडवाला | बुधवार, रात्री ११:२०

नवी हार्डडिस्क बसवली. निळा स्क्रू घट्ट होता, दहा मिनिटं लागली. आधी बॅकअप करून पाहिला, फिटर म्हणाले तसाच मध्ये थांबला, त्यामुळे कुलूपवाले तीन सेव्ह गेले. एक फुटबॉलचा होता, त्याचं वाईट वाटलं. बाकी सगळे परत टाकले.

‘टोकियो जंगल’ रात्रभर लावून ठेवला होता, सकाळी सहाला उठून पाहिलं तर बसवून तयार. जुना सेव्ह उचलला. भावाला पुण्याला व्हिडिओ कॉल लावून टीव्हीसमोर मोबाइल धरला. पोमेरेनियन गवतात दबा धरून बसलं तर तिकडून म्हणतो, ‘दादा, डावीकडून जा, उजवीकडे तरस असतात.’ बारा वर्षांनी त्याला कुठे काय असतं ते पाठ आहे.

लिस्टमधले निम्मे उतरलेत, उरलेले रोज रात्री दोन-दोन लावतोय. सगळे उतरेपर्यंत मला चैन पडणार नाही.

एक राहिलं. मशीन मेन स्विचवरून बंद केलं की तारीख मागे जाते आणि काही गेमना कुलपाचं चिन्ह येतं. इंटरनेट जोडून साइन-इन केलं की जातं. हे पासवर्डमुळेच का?

सातपूरचा_फिटर | बुधवार, रात्री ११:३४

नाही, ते घड्याळाच्या सेलमुळे. आत बोर्डावर सीआर२०३२ चा बटण सेल असतो, तो संपलाय. तारीख चुकली की स्टोअरवरच्या गेमचा परवाना मशीनला तपासता येत नाही. आज सर्व्हर चालू आहे म्हणून नेटवरून वेळ घेतो आणि निभावतं. उद्या सर्व्हर गेला तर उतरवलेले गेमही उघडणार नाहीत. सेल बदलायलाच हवा. साधा सेल सुटा मिळतो, पण याला वायर आणि टोकाला जोडणी असते, तयार तसाच मागवा. पूर्ण मशीन उघडावं लागतं, एकट्याने करू नका. रविवारी सातपूरला घेऊन या, माझ्याकडे एक आहे. पंख्यातली धूळही काढू.

गंगापूररोडवाला | बुधवार, रात्री ११:४१

येतो. भाऊ शनिवारी रात्री पोचतोय, त्यालाही घेऊन येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.